कोर्ट उठेपर्यंत

मापाच्या आत, तळाच्या कडेने, कथलाचा डाग देऊन जोडलेल्या सांध्याची एक रेघ होती. केसाएवढी बारीक, सगळीकडे सारख्या जाडीची. आणि जिथे ती सुरू होऊन पुन्हा स्वतःला येऊन मिळत होती तिथे, धरायच्या कानाच्या डावीकडे, तिळाएवढा उंचवटा. सुनेत्रा चौबळने माप खिडकीशी नेऊन तिरपं धरलं, मग पोलादी पट्टी आत उभी केली. एकशे अठरा मिलिमीटर. एवढ्या व्यासाच्या एक लिटर मापाची खोली एकशे सत्तावीस हवी. तिने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकशे अठराच. खऱ्या तळाच्या वर नऊ मिलिमीटरवर कुणीतरी दुसरा तळ बसवला होता. म्हणजे दर लिटरमागे सत्तर मिलिलिटर रॉकेल दुकानातच राहत होतं. बाहेर, कानाजवळच्या शिशाच्या टिकलीवर, तिच्याच कचेरीचा शिक्का होता. खरा शिक्का.

उल्हासनगरातल्या त्या कचेरीत वजनं, तराजू आणि मापं तपासून शिक्के मारले जात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही गावं सुनेत्राच्या अखत्यारीत होती. दुकानदारांच्या वजनमापांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना परवाना देण्याचा आणि दरवर्षी तो वाढवून देण्याचा अधिकारही तिच्याकडेच होता. हे १९९१ सालच्या डिसेंबरातलं.

माप आलं होतं बदलापुरातल्या मांजर्लीच्या एका रेशन दुकानातून, आणि ते पकडून दिलं होतं कौसाबाईने. बदलापूर गावातली साठीची शेतकरीण. पत्र्याचा पाच लिटरचा डबा काखेत मारून ती दोन जिने चढून आली होती आणि डबा सरळ टेबलावर, फायलींच्या वर ठेवला होता.

"बाय, ह्या डब्याला आमच्या ह्यांनी खिळ्यानं खून केलेली. पाच लिटरची. ते गेले त्याला सहा वर्सं झाली. तवा घासलेट खुनेला टेकायचं. आता बोटभर खाली ऱ्हातंय. डबा वाढला का काय माझा?"

"दुकानदाराला विचारलंत?"

"विचारलं तर. म्हनला, म्हातारे, घासलेट उडून जातंय. म्या म्हनलं, दुकानापासून घरापतूर? त्याला काय पंख हायेत का?"

कारकून मधू खाली मान घालून हसला. सुनेत्रा दुसऱ्याच दिवशी पंच घेऊन मांजर्लीला गेली. माप जप्त केलं, पंचनामा केला. दुकानदाराने हात वर केले: माप असंच आलं, शिक्का तुमचाच आहे. खटला भरला जाईल, चार-सहा वर्षं चालेल, हे तिला पाठ होतं. शिक्का मारल्यानंतर दुसरा तळ कुणी बसवला याचा पुरावा नव्हता.

पुरावा नव्हता, पण तिला ठाऊक होतं. आणि तेच सगळ्यात किळसवाणं होतं.

सात वर्षांपूर्वी फिजिक्सची एम.एस्सी. होऊन ती या खात्यात लागली, तेव्हा तिला सूक्ष्म तुला हाताळता येत होती. पण बाजारातलं पाच किलोचं लोखंडी वजन उचलून, ते पुरं भरावं म्हणून त्यात ओतलेलं शिसं कोरून काढलंय की नाही ते सांगता येत नव्हतं. ते शिकवलं शरदचंद्र पोतदारांनी. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये त्यांचं दुकान, परवाना पंचवीस वर्षांचा, बाजारात सगळ्यांचे शरदकाका. वजन फरशीवर हलकेच आपटून आवाज कसा ऐकायचा, शिशाला चाकूचं टोक लावून ताजं-जुनं कसं ओळखायचं, सगळं त्यांनी हौसेने दाखवलं. डाग वाचायलाही त्यांनीच शिकवलं होतं. "सही बदलता येते मॅडम. डाग नाही बदलत. हात जिथे थांबायचा तिथेच थांबतो. माझं बघा, मी डावखुरा. माझा डाग डावीकडे मिटतो."

तो तिळाएवढा उंचवटा पाहिल्यावर तिने माप खाली ठेवलं आणि हात धुतले. रॉकेलचा वास गेला नाही. दुपारी डबा खाताना तो पोळीला लागला, आणि तिने डबा तसाच बंद केला.

आठवड्याभरात शरदकाकांचा नूतनीकरणाचा अर्ज आला. अकराव्या रकान्यात विचारलं होतं: वजनमाप कायद्याखाली अर्जदारास पूर्वी शिक्षा झाली आहे काय? असल्यास तपशील. त्यापुढे वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'.

सुनेत्राने जुने अर्ज काढायला सांगितले. मधूने ते टेबलावर मांडले. चार वर्षांचे चार अर्ज, चार वेळा 'नाही', आणि प्रत्येकाखाली 'माहिती पडताळून पाहिली' या ओळीवर तिची सही. पहिल्या अर्जाची तारीख वाचली आणि तिला ती दुपार आठवली.

१९८७चा डिसेंबर. शरदकाका अर्ज घेऊन आले होते, चहा मागवला होता. कुणीतरी विचारलं, "काका, परवा दुकान बंद होतं?" आणि काकांनी खुर्ची पुढे ओढून किस्सा सांगितला. कर्जतला एका वाण्याच्या तराजूवरून केस झालेली, वकील म्हणाला, गुन्हा कबूल करा. कबूल केला. किरकोळ दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत शिक्षा.

"दिवसभर बाकड्यावर बसलो. पंखा होता, घरी तोही नाही. बेलिफाने चहा पाजला. कोर्ट उठलं सव्वापाचला, मी उठलो पाच वाजून सोळा मिनिटांनी. एवढीच माझी जन्मठेप!"

सगळे हसले. सुनेत्राही हसली होती. हसत हसतच तिने समोरच्या अर्जावर सही केली होती, आणि अकराव्या रकान्याकडे पाहिलंही नव्हतं. कारण कोर्ट उठेपर्यंतच्या शिक्षेला शिक्षा कोण म्हणतं? बाजार म्हणत नाही, वकील म्हणत नाहीत. दिवसभर बाकडं गरम करायचं आणि घरी जाऊन जेवायचं. खटले भरणाऱ्या तिच्या खात्यातसुद्धा कुणी तसं म्हणत नव्हतं.

तिने मधूला कर्जत आणि कल्याणच्या कोर्टांतून निकालांच्या नकला आणायला पाठवलं. तीन निघाल्या. १९७९, कल्याण: किराणा दुकानाची आठ वजनं, शिसं कोरलेली. १९८४, कर्जत: दुधाची मापं, तळ उचललेला. १९८७, कर्जत: तराजूची दांडी. तिन्हीकडे गुन्हा कबूल, तिन्हीकडे दंड आणि कोर्ट उठेपर्यंत शिक्षा. १९८४ची तारीख तिने दोनदा वाचली. ज्या महिन्यात ते तिला डाग वाचायला शिकवत होते तोच महिना.

आता निर्णय घ्यायला हवा होता. तो तिने घेतला नाही.

ठाण्याच्या जिल्हा कचेरीतून साहेबांचा फोन आला. "चौबळबाई, पोतदारांचं काय अडलंय?"

"तीन शिक्षा लपवल्यात, सर."

"कोर्ट उठेपर्यंत ना? अहो, असं धरलं तर निम्म्या बाजाराला शिक्षा झालीये."

"झालीच आहे, सर."

"आणि मागच्या अर्जांवर सह्या कुणाच्या आहेत? बघितलंत ना? मग जरा दमानं घ्या. पुढच्या वर्षी तुमच्या बढतीचा कागद माझ्याच टेबलावर येणार आहे."

तिने फाइल कपाटात ठेवली. नियम असा होता की अर्ज वेळेत आलेला असला तर निकाल लागेपर्यंत जुना परवाना चालू समजायचा. बेलवलीच्या घरी भाजी चिरताना ती स्वतःला समजावत असे, की आणखी एक कागद मागवावा, वकिलाचं मत घ्यावं, घाई बरी नव्हे. आयुष्यभर तिने मोजल्याशिवाय बोलायचं नाही हे व्रत पाळलं होतं. इथे सगळं मोजून झालं होतं, तरी तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

जानेवारीत शरदकाका सहज म्हणून डोकावले. "मॅडम, तिळगूळ घ्या. आमच्या कागदाचं बघताय ना?" उत्तराची वाट न बघता ते कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि तिच्या साबणाने हात धुऊ लागले. सावकाश, एकेक नख घासून. घरच्यासारखं. ते गेल्यावर सुनेत्राने पाहिलं, पांढऱ्या वडीवर करड्या रंगाचे ओघळ होते, शिशाचे आणि डाग देताना लागणाऱ्या नवसागराचे, आणि मध्ये अंगठ्याचा खोलगट ठसा. तिने वडी कागदाच्या टोकाने उचलून टोपलीत टाकली. तिळगूळही टाकला. मधूने पाहिलं आणि पुन्हा फायलीत मान घातली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कौसाबाई पुन्हा आली. डबा काखेत होताच.

"बाय, दुकानात नवं माप आलंय. चकचकीत. त्येच्यातबी बोटभर."

सुनेत्राचा हात पेनावरच राहिला. "नवं माप कुणी आणलं?"

"कोन तरी काका. दुकानदार शरदकाका म्हनत व्हता. पांढरे कपडे, पिशवी. मी रांगेतच व्हते. म्या दुकानदाराला म्हनलं, बाबा, ह्यो मानूस कोन? तर म्हनला, गप बस, ह्यांच्याकडं सरकारी परवाना हाय." तिने डबा खाली ठेवला आणि सुनेत्राकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता, खरोखरच प्रश्न होता. "हाय का, बाय?"

मधूने टाइप करणं थांबवलं.

"आहे," सुनेत्रा म्हणाली.

"आसंल मग," कौसाबाई म्हणाली. डबा उचलून ती जिना उतरायला लागली, एकेका पायरीवर थांबत.

त्या एका शब्दाची चव सुनेत्राच्या तोंडात संध्याकाळपर्यंत राहिली. डिसेंबरात तिला शरदकाकांची किळस आली होती. आता ती तिला स्वतःचीच येत होती. तीन महिने त्या माणसाला तिनेच परवाना पुरवला होता. न बोलून. तिने मधूला बोलावलं आणि सुनावणीची नोटीस काढायला सांगितली, दहा दिवसांनंतरची.

शरदकाका वेळेवर आले. इस्त्रीचा सदरा, बगलेत पावत्यांची फाइल. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी ती रुमालाने पुसली.

"अकराव्या रकान्यात तुम्ही 'नाही' लिहिलंय," सुनेत्रा म्हणाली.

"बरोबरच लिहिलंय मॅडम. शिक्षा म्हणजे तुरुंग. मी तुरुंगाचं दारसुद्धा बघितलेलं नाही."

तिने तिन्ही नकला पुढे सरकवल्या. त्यांनी त्या नुसत्या चाळल्या, लग्नाच्या पत्रिका चाळाव्यात तशा.

"हे होय! वकील म्हणतो कबूल करा, संध्याकाळी मोकळे. नाही तर तारखांमागून तारखा. धंदा करायचा की कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या?"

"आणि कोरलेली वजनं?"

ते मोकळेपणी हसले. "लोक मागतात. मी नाही केलं तर दुसरा करेल, आणि तो गचाळ करेल. माझं काम कधी डोळ्यावर येतं का, सांगा? सिंधी साईं लोक लांबून लांबून माझ्याकडे येतात ते काय उगाच? कलाकुसर आहे मॅडम ही."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखर अभिमान होता, त्या बारीक रेघेचा, त्या बोटभर कमी भरणाऱ्या डब्याचा.

"तुमच्याकडून हिशोब मागितला तर?" ते आता पुढे झुकले, आवाज तसाच गोड. "तुम्हाला ठाऊक होतं. ह्याच खोलीत, ह्याच खुर्चीत बसून मी सांगितलं होतं. तुम्ही हसला होतात. हा मधूपण हसला होता. हसून सही केलीत. लिहू का तसं जबाबात? साहेब वाचतील. बढतीचं वर्ष आहे म्हणे तुमचं."

मधूचं पेन थांबलं. तो वर बघेना.

सुनेत्राला आपलंच ते हसणं ऐकू आलं, चार वर्षांपूर्वीचं, चहाच्या कपावरून आलेलं. तिला वाटलं होतं हा क्षण आला की भीती वाटेल. भीती नव्हती. तुंबलेल्या गटाराची जाळी हाताने उचलताना नाक मुरडून का होईना माणूस एकदाचा हात घालतो, तसं काहीसं होतं.

"ते मीच लिहवून घेते," ती म्हणाली. "मधू, घ्या. १९८७च्या शिक्षेची माहिती अर्जदाराने मला तोंडी सांगितली होती. ती मी गांभीर्याने घेतली नाही, आणि चार वर्षं पडताळणी न करता सह्या केल्या. ही माझी चूक आहे. याची एक प्रत ठाण्याला जाईल."

"मॅडम..." मधू पुटपुटला.

"लिहा."

शरदकाकांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून होतं, पण त्याला आता आधार राहिला नव्हता. त्यांनी फाइल उघडली, मिटली. "पंचवीस वर्षं झाली मला. तुम्हाला शिसं आणि कथील यातला फरक मी दाखवला. एवढी जन्मठेप नका देऊ. असू दे ना, अर्ज तसाच पडू दे. कुणाचं काय जातंय? आतापर्यंत पडलाच होता."

"हो. मीच पाडून ठेवला होता."

"मग आता काय निराळं झालं?"

तिने अर्ज सरळ केला, पेनाचं टोपण काढलं, आणि लिहिण्याआधी मोठ्याने म्हटलं, खोलीबाहेर जिन्यावर उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात:

"शरदचंद्र पोतदार, तीन शिक्षा लपवल्याबद्दल तुमच्या परवान्याचं नूतनीकरण मी नाकारते आहे. आजपासून कुठल्याही मापाला हात लावायचा नाही."