चौकोनी बदकं

चिंचपोकळीच्या चाळीमागचं तळं दर मे महिन्यात आटायचं आणि मालक सीतारामशेठला तिथे गोदामाची स्वप्नं पडायची. यंदा तर सरकारी विमान वरून फोटो काढणार होतं. जुन्या फोटोंशी ताडून जिथे पाणी दिसणार नाही, ती जागा बुजवायला मोकळी! शेठ छाती फुगवून सांगत फिरे, "रशियाने सोडलेला नकली चंद्र आभाळात फिरतोय, गंगुबाई! वरून आता काही लपत नाही."

चाळीतल्या गंगुबाईला हे कसं परवडणार! नळ रुसला की अख्खी चाळ तळ्यावर धुणं धुवायची, आणि लग्न होऊन आल्यापासून तिच्या गौरी तिथेच बोळवल्या जात.

तिचा भाचा जगदीश नकाशांच्या कचेरीत कामाला; विमानाचे फोटो तिथेच तपासले जाणार होते. त्याला पोटभर जेवू घालून तिने विचारलं, "काय रे, फोटोत पाणी दिसता कसा?"

"काळं दिसतं, मावशी."

"इतक्याच? मगे दाखवूया काळा!"

चाळीत काळ्या कापडाला काय तोटा! संयुक्त महाराष्ट्रासाठी मंत्र्यांना दाखवलेली काळी निशाणं घरोघरी होती, शिवाय गावाकडची कांबळी. विमान येणार त्या सकाळी बायकांनी तळ्याचा कोरडा तळ या काठापासून त्या काठापर्यंत काळा केला. मग गंगुबाई शेठला चहात गुंतवायला गेली.

इकडे शेजारच्या मीराबाईने कडक ऊन पाहिलं आणि तिच्याने राहवेना. मे महिन्याचं ऊन फुकट घालवणारी बाई अजून जन्मायची होती. तिने काळ्यावर धुतलेली धोतरं अंथरली आणि उडदाचे पापड वाळत घातले. तिचं पाहून बाकीच्यांनीही घातले. तेवढ्यात विमान गेलं.

कचेरीत साहेबांनी फोटोवर भिंग धरलं. "तळं दिसतंय. पण हे पांढरं काय?"

जगदीश फोटोवर वाकला. "बदकं, साहेब."

"चौकोनी?"

"विमानाला घाबरून अंग चोरून बसली असतील."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच तळ्यावर हजर. काळं कापड गुंडाळलं होतं, पण पापड आणि धोतरं अजून तळात वाळत होती. शेठ हर्षाने पुढे पुढे करत होता, "बघा, थेंब नाही!"

गंगुबाईने चहा आणि भाजलेला पापड पुढे केला. "साहेबानु, ह्या तळा गेला तर गौरीक बोळवतलंव खंय?" तिचे डोळे भरून आले.

साहेबांनी पापडाचा तुकडा मोडला. "शेठ, पावसाळ्यानंतरच्या सगळ्या जुन्या फोटोंत इथे पाणी आहे. उन्हाळ्यात आटलं म्हणून तळं मरत नाही. ते बुजवायचं नाही."

शेठचं तोंड एवढंसं झालं. साहेबांनी उरलेला पापड संपवला आणि जाताना गंगुबाईकडे वळून म्हणाले, "बाई, बदक मात्र फक्कड भाजलंय."