वेइक्कोची ओळ आणि राईमोचा दगड

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता साल्मेला गावाला गरम पाणी पुरवणाऱ्या उष्णता केंद्रातल्या नियंत्रण खोलीत चौदा माणसं दाटीवाटीने उभी होती आणि चौदाही जण एका दगडाकडे बघत होते.

दगड राखाडी होता, गुळगुळीत, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा. राईमोने तो लोकरीच्या पिशवीतून काढला, दोन्ही तळहातांत धरून त्यावर फुंकर घातली आणि हिल्क्काच्या कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर अलगद ठेवला.

"आता पूर्ण शांतता," तो म्हणाला.

हे सांगायची काही गरज नव्हती. साल्मेलाची माणसं तशीही बोलत नाहीत. बैठकीत शंका विचारणं म्हणजे समोरच्याचा वेळ खाणं, असं इथे प्रत्येक जण समजतो आणि शंका घरी घेऊन जातो. राईमोसारख्या माणसाला आणखी काय हवं होतं?

त्याने मेलमधल्या अडतीस ओळींवरून माऊस फिरवला. मग तो सर्व्हरच्या काळ्या खिडकीत गेला, जिथे उघडलेल्या एडिटरमध्ये गावातल्या इमारतींची यादी होती. कोणत्या इमारतीला किती गरम पाणी सोडायचं ते त्या यादीवरून ठरतं. त्याने डोळे मिटले, माऊसचं चाक दाबलं आणि अडतीसच्या अडतीस ओळी नीट, एकाखाली एक उमटल्या.

"आल्या!" तायना ओरडली. एरवी ती दिवसभरात चार वाक्यं बोलायची.

"गावाच्या तळाशी दोनशे कोटी वर्षं झोपलेला दगड आहे हा," राईमो म्हणाला. "तो ताण शोषून घेतो. यंत्रालाही ताण येतो मंडळी, यंत्रालाही मन असतं! आर्तो, या, तुमचं नाव लिहून बघा."

केंद्रप्रमुख आर्तोने पुढे होऊन दोन बोटांनी नाव लिहिलं. पहिलंच नव्हे, सगळीच अक्षरं कॅपिटल उमटली.

"बघा! यंत्र मोकळ्या आवाजात बोलतंय!"

लोकांनी माना डोलावल्या. साहेबालाही अरे-तुरे करणारी माणसं, पण राईमोला महिन्याभरात अहो-जाहो करू लागली होती. 'कार्यस्थळ समाधान मार्गदर्शक' असं त्याच्या कार्डावर छापलेलं होतं. त्याआधी तो संगणक दुरुस्त करायचा, हे मात्र कार्डावर नव्हतं.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या हिल्क्काचा जळफळाट होत होता. कीबोर्ड तिचा, खुर्ची तिची, यादीही सव्वीस वर्षं तीच सांभाळत आलेली. आणि सोमवारपासून ती गोदामात पाइपांचे सांधे मोजणार होती, कारण तिचा हात वाईट आहे असं ठरलं होतं.

प्रकरण ऑक्टोबरात सुरू झालं. सर्व्हरवर नवी प्रणाली बसवली आणि काळ्या खिडकीतलं कॉपी-पेस्ट बंद पडलं. त्याआधी मेलमधल्या ओळी निवडायच्या, खिडकीत येऊन माऊसचं चाक दाबायचं, की काम झालं. आता बाकीच्यांनी चाक दाबलं तर काहीच उमटेना. हिल्क्काने दाबलं की मात्र एक ओळ यायची, दर वेळी तीच.

'कारखाना रस्त्याचा पंप थांबला तर वेइक्कोला उठवा.'

वेइक्को सप्टेंबरात गेला होता. तिच्या शेजारच्या खुर्चीवर एकोणीस वर्षं बसला, पंपांची कुरकुर कानाने ओळखायचा. ही ओळ त्यानेच यादीच्या शेवटी लिहून ठेवली होती, यंत्र वाचत नाही अशा जागी. अंत्यविधीनंतर हिल्क्काने ती जड मनाने काढून टाकली.

आणि आता ती परत येत होती. पहिल्यांदा उमटली तेव्हा हिल्क्का खुर्ची मागे सारून उठलीच. नंतर-नंतर, खरं सांगायचं तर, तिला ती बघून बरंही वाटायचं.

पण नोव्हेंबरात एकदा ती ओळ यादीच्या मधोमध उमटली आणि घाईत तिच्या नजरेतून सुटली. न कळणारी ओळ आली की यंत्र वाचायचं थांबतं. त्यापुढच्या इमारतींना जुनेच आकडे लागू राहिले. यादीत शेवटचा होता लेहतोला वृद्धाश्रम. बाहेर उणे एकवीस आणि म्हाताऱ्यांच्या खोल्यांत चौदा अंश. एका आजींना न्यूमोनिया झाला. आजी वाचल्या, पण तेव्हापासून हिल्क्का एकेक आकडा हाताने भरायची, तीन-तीनदा तपासायची आणि रात्री तिला झोप लागायची नाही.

मग राईमो आला. हिल्क्काशी हात मिळवताना ठिणगी उडाली. चट्!

"हे बघा!" तो म्हणाला होता. "या बाईंच्या अंगात विजेचा भार आहे. गेलेला माणूस शांत होऊ बघतो आणि यांचा हात त्याला ओढून आणतो."

हिवाळ्यातली कोरडी हवा, प्लॅस्टिकची फरशी आणि पायात लोकरीचे मोजे. ठिणगी उडणार नाही तर काय होईल? शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून तायना हिल्क्काच्या हातून कॉफीचा कप घेईना. टेबलावर ठेव म्हणायची. लेहतोलाच्या व्यवस्थापिकेलाही आर्तोने फोनवर सांगून टाकलं, की चूक कोणाच्या हातून झाली ते कळलंय, माणूस बदलतोय.

"आर्तो, तू शिकलेला माणूस आहेस ना रे?" हिल्क्का त्याला म्हणाली होती.

"अगं, माझा विश्वास आहे असं नाही. पण त्यांचा दगड ठेवला की चालतं, हे तर डोळ्यांनी दिसतंय ना?"

हेच तर तिला खात होतं. चालत होतं खरं.

साडेअकराला सगळे वाटाण्याचं सूप प्यायला गेले. गुरुवारचं सूप कोणी चुकवत नाही. हिल्क्का गेली नाही. राईमोने दगड पिशवीत घालून सोबत नेला होता. तिने मूळ यादीला हात न लावता तिची एक प्रत उघडली. मेलमधल्या ओळी निवडल्या, चाक दाबलं.

'कारखाना रस्त्याचा पंप थांबला तर वेइक्कोला उठवा.'

"थांब रे बाबा जरा," ती पडद्याला म्हणाली. तिच्या डोक्यात सकाळपासून एक गोष्ट टोचत होती, आर्तोचं ते कॅपिटलमधलं नाव. यंत्र मोकळ्या आवाजात बोलतंय म्हणे! अक्षरं कॅपिटल कशाने येतात? शिफ्टची कळ दाबल्याने. आणि ती कळ कुठे असते? तिने खाली पाहिलं. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात.

तिने डाव्या करंगळीने शिफ्ट दाबून धरली आणि पुन्हा चाक दाबलं.

अडतीस ओळी उमटल्या. नीट, एकाखाली एक.

हिल्क्काला असा संताप आला, की तिने टेबलावर मूठ आपटली. तीन महिने! एका करंगळीचं काम, आणि तीन महिने ती आपल्याच हातांकडे संशयाने बघत होती.

पण वेइक्कोची ओळ येत कुठून होती? ते कळल्याशिवाय ती उठणार नव्हती. ती ओळ आपण कापून टाकली होती, हे तिला आठवलं. कापलेलं जातं कुठे? त्यानंतर तिने दुसरी अख्खी ओळ कधीच कापली नव्हती, नुसते आकडे खोडून नवे भरले होते. तिने प्रतीतली एक ओळ मुद्दाम कापली, मत्स्य बाजाराची. शिफ्ट न दाबता चाक दाबलं. मत्स्य बाजार उमटला. पुन्हा दाबलं, पुन्हा मत्स्य बाजार.

म्हणजे एडिटर स्वतः शेवटचं कापलेलं जपून ठेवत होता आणि तेच परत देत होता. एवढंच होतं.

तिने आणखी एकदा चाक दाबलं. आता वेइक्को येणार नव्हता. त्या जागी मत्स्य बाजार जाऊन बसला होता आणि हे तिने स्वतःच्या हाताने केलं होतं. तिचे डोळे भरून आले. तिने ते बाहीला पुसले आणि दोनच्या कॉफीची वाट बघत बसली.

दोनला सगळे परत जमले. राईमो पिशवी घेऊन दुपारच्या सत्राच्या तयारीत होता.

"सत्र मी घेते," हिल्क्का म्हणाली. "आर्तो, ये, बस माझ्या खुर्चीत."

"हिल्क्का, हे बरं नव्हे—"

"बस म्हटलं ना!"

सव्वीस वर्षांत तिचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. आर्तो बसला.

"एका ओळीत तुझं नाव लिही. आता ती ओळ काप. आता माऊसचं चाक दाब." पडद्यावर आर्तोचं नाव आलं. "पुन्हा दाब." पुन्हा आलं. चार वेळा दाबलं, चार आर्तो उभे राहिले. "तू अजून जिवंत आहेस ना रे? मग हे कोणाचं भूत?"

मागून कोणीतरी फिस्कन हसलं. राईमोही हसला, समजूतदारपणे.

"यांच्या भाराचा परिणाम साहेबांवरही व्हायला लागलाय."

"व्हायला लागलाय का? बरं." हिल्क्काने कपाटातून कॉफीचा न फोडलेला अर्धा किलोचा पुडा आणला आणि कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला. पायात तेच लोकरीचे मोजे. तिने मेलमधल्या ओळी निवडल्या, चाक दाबलं. अडतीस ओळी.



"कॉफीसुद्धा मातीतूनच उगवते," राईमो घाईने म्हणाला. "तिच्यातही ऊर्जा—"

"तुझा दगड दे इकडे." तिने त्याच्या हातून पिशवी घेतलीच. पुडा बाजूला केला, दगड काढला आणि चार बोटं वर सरकवून, कीबोर्डच्या वरच्या रिकाम्या पट्टीवर ठेवला. "दोनशे कोटी वर्षांचा ना? चार बोटांनी त्याला काय फरक पडतो? तायना, तू दाब. तुझा हात तर चांगला आहे."

हिल्क्काने तायनाच्या नावाने उघडलेली यादी पडद्यावर आणली. तायनाने चाक दाबलं. काहीच उमटलं नाही.

"आता दगड उचल. इथे करंगळी ठेव, या कळीवर. दाबून धर. आता चाक."

अडतीस ओळी. तायना आपल्या करंगळीकडे बघत राहिली.

"शिफ्ट!" ती म्हणाली. "नुसती शिफ्ट?"

"नुसती शिफ्ट," हिल्क्का म्हणाली. "दोन खिसे आहेत. एक खिडकीचा, त्यात मेलमधून निवडलेलं पडतं. दुसरा एडिटरचा, त्यात इथे कापलेलं पडतं. ऑक्टोबरात नव्या सेटिंगने माऊस एडिटरच्या ताब्यात दिला. चाक दाबलं की तो आपल्याच खिशात हात घालतो. तुमचे खिसे रिकामे होते, माझ्या खिशात वेइक्को होता. शिफ्ट दाबली की माऊस खिडकीकडे परत येतो आणि मेलमधलं चिकटतं. याचा दगड शिफ्ट दाबत होता. बस!"

सगळ्यांनी राईमोकडे पाहिलं. राईमोने कोटाची चेन लावली.

"तुला ठाऊक होतं," आर्तो म्हणाला. अहो-जाहो गळून पडलं होतं.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं," राईमो खांदे उडवत म्हणाला. "इथे करंगळी ठेवा म्हटलं असतं, तर पुन्हा बोलावलं असतंत मला? दगड ठेवला तर महिनाभर बोलावलंत."

"आणि माझा हात?" हिल्क्काने विचारलं. "माझ्या हाताचं काय करणार होतास?"

तो रिकामी पिशवी उचलून निघून गेला. दगड तिथेच राहिला, त्याला कोणी हात लावला नाही.

"चला, बरं झालं," आर्तो घसा साफ करत म्हणाला. "हिल्क्का, सोमवारचं रद्द. तू आपली खुर्चीवरच राहा. कॉफी गार होतेय मंडळी."

माणसं हलू लागली. नेहमीप्रमाणे विषय घरी घेऊन जाणार होती.

"थांबा," हिल्क्का म्हणाली. "कॉफी नंतर. राईमोचा मला तेवढा राग नाही. त्याचा तो धंदा. पण तुम्ही पाइपात दाब कमी झाला की गळती शोधता ना? 'पाइपाचं मन दुखावलं' म्हणून कोणी घरी जात नाही. मग इथेच काय झालं? दगड काढला तर काय होतं, दुसरीकडे ठेवला तर काय होतं, दुसरं काही ठेवलं तर काय होतं, एवढं करून बघायला पाच मिनिटं लागतात. चौदा माणसं आणि पाच मिनिटं मिळाली नाहीत. माझ्या हातून कप न घ्यायला मात्र महिनाभर वेळ होता!"

तायनाची मान खाली गेली.

"आर्तो, लिही. सगळ्यांना मेल कर आणि लेहतोलाला आधी पाठव."

"काय लिहू?"

"दोष सेटिंगमध्ये होता. हिल्क्काच्या हातात नव्हता. चुकीची ओळ तिच्या नजरेतून सुटली, तेवढी चूक तिची. हेही लिही, मी ते नाकारत नाही."

आर्तोने लिहिलं.

"आणि शेवटी लिही, की कारण काय, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही."

आर्तोची बोटं कीबोर्डवर थांबली. त्याने वळून तेरा जणांकडे पाहिलं. हिल्क्का त्याच्या खुर्चीमागे हात बांधून उभी राहिली आणि त्याने शेवटचं अक्षर लिहून मेल पाठवेपर्यंत हलली नाही.