अर्धी उदबत्ती

मित्रांनो, मी एक जुनं मातीचं भांडं आहे. पोटात राख आणि राखेत रोवलेली उदबत्ती, एवढाच माझा संसार. भाजताना माझी एक कड वाकडी झाली, म्हणून देवळासाठी मला कोणी घेईना. नाम दिन्ह शहरातल्या लाम गुरुजींनी मात्र घासाघीस करून मला घरी आणलं आणि शिकवणीच्या मेजावर ठेवलं.

गुरुजींची रीत साधी होती. उदबत्ती लावली की पुस्तक उघडायचं, ती विझेपर्यंत मान वर करायची नाही. विझली की चहा. मधोमध बसून मी सगळ्यांचा हिशेब ठेवत असे : कोण ओळीवर आहे आणि कोण पानावर डोळे ठेवून बाजारात भटकतंय. गुरुजी न बघताच म्हणत, "येताना मिरच्या घेऊन ये रे!" सगळे हसत आणि भटका परत येई. त्या काळी माझी फार वाहवा होती.

मग गुरुजी गेले. मेज भिंतीला लागलं आणि मला पूर्वजांच्या फळीवर, गुरुजींच्या तसबिरीपुढे चढवलं. आता माझ्याशेजारी ताट वाढतात आणि उदबत्ती जळते तोवर गुरुजी जेवतात. ती विझल्यावरच ताट उतरवून घरच्यांनी जेवायचं.

त्यांची मुलगी थोआ कोपऱ्यावर न्याहारीची गाडी लावते. तिची लेक दिएप विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत एकदा आपटली होती. पुन्हा आपटली तर शिक्षण संपलं, गाडीच नशिबी. थोआने फर्मान काढलं, "आजोबा जेवतील तेवढा वेळ तू अभ्यासाला बसायचं."

दिएप माझ्याच खाली बसे, पुस्तकाआड मोबाईल धरून. शिवाय लावण्याआधी उदबत्तीचा निम्मा तुकडा मोडून टाकी, लवकर सुटका व्हावी म्हणून. विझली की फळीवर कोणीतरी उसासा टाकल्यासारखं होई. वारा असेल, असं मी मनाला समजावत असे. खिडक्या तर बंद असत.

श्राद्धाच्या दुपारी थोआने गुरुजींच्या आवडीचा मासा केला. त्याची वाफही निवली नव्हती आणि उदबत्ती विझली. दिएपच्या पायाशी मोडका तुकडा पडला होता.

"हे काय गं? कधीपासून मोडतेयस?"

"पहिल्यापासून. आई, उदबत्तीच तर आहे!"

"उदबत्ती? माझ्या बाबांना रोज भरल्या ताटावरून उठवलंस तू!"

दिएप हसायला गेली, पण तसबिरीकडे लक्ष जाताच हसू ओठांवरच राहिलं. गुरुजींचे गाल बसल्यासारखे दिसत होते.

"उपाशी उठले असतील गं ते?"

"त्यांनाच विचार."

दिएपने मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरला. उदबत्ती भरभर जळू नये म्हणून पंखा बंद केला. अख्खी उदबत्ती लावली आणि बसली. आधी चुळबुळ झाली, घाम पुसून झाला. मग ती पुस्तकात उतरली. हवा इतकी थांबली की राख खाली पडेना, गळासारखी वळत गेली. आमच्याकडे राख अशी वळली की कोणीतरी आलेलं असतं. समोरची रिकामी खुर्ची हळूच करकरली. दिएपने पान उलटलं.

थोआ दारातून कुजबुजली, "विझत आली. ताट उतरवू?"

"थांब आई," मान वर न करता दिएप म्हणाली. "आजोबांचं अजून झालं नाही. माझंही."

मित्रांनो, घेतलेला वेळ पुरता जळू द्या. मधेच उठलात तर तुम्हाला काही कळणारही नाही. तुमच्यासमोरून उपाशी उठतं ते दुसरंच कोणी.