मांडीच्या मागच्या अंगाला

मी एक जुना स्नायू आहे. खांडबाऱ्याच्या दाऊदच्या उजव्या मांडीचा, तोही मागच्या अंगाचा. मला बघायचं तर मान मोडून मागे वळावं लागतं, आणि तेवढी तसदी दाऊदने कधी घेतली नाही.

मित्रांनो, ओट्यावर बसा, गुडघ्याच्या मागे बोटं लावा आणि टाच मागे दाबा. दोन्ही बाजूंना ताठ दोऱ्या लागतील. त्या आमच्या, मागच्या तिघांच्या. बसताना जे हाड टेकतं तिथून आम्ही निघतो आणि गुडघा ओलांडून खालच्या हाडांना धरतो. गुडघा वाकवणं आणि मांडी मागे खेचणं हे आमचं काम. पुढे चौघे भाऊ असतात, ते गुडघा सरळ करतात. त्यांनी ओढलं की आम्ही ढील द्यायची, आम्ही ओढलं की त्यांनी. नियम तसा सरळ आहे, पण चौघे पडले धिप्पाड आणि समोर दिसणारे.

दाऊद रेल्वेत ट्रॉलीमन होता. रुळांची पाहणी करायला साहेब लाकडी ट्रॉलीवर छत्रीखाली बसत, आणि दाऊद व त्याचा जोडीदार आमशा अनवाणी रुळावरून पळत ती मागून ढकलत. अंग पुढे रेटायचं तर मांडी मागे खेचावी लागते, आणि खेचायचो आम्ही. ट्रॉलीने वेग घेतला की दोघे उडी मारून मागच्या फळीवर बसत. मग साहेब वळून म्हणत, "दाऊद, बैल की जांघ है तेरी." त्यांचं बोट चौघांकडे असायचं.

संध्याकाळी तालमीत दाऊद शड्डू ठोकायचा, तो पुढे. घरी त्याची बायको खातून मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळायची, तेही पुढेच. कारण दाऊद कायम उताणा. पालथं झोपू नये, ही त्याच्या अम्माची लहानपणची शिकवण त्याने कधी मोडली नाही. बारा वर्षं चौघे तेलाने चमकत राहिले आणि माझ्या वाट्याला चटईच्या काड्या आल्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी चामड्याच्या वादीसारखा कडक होत गेलो. दाऊद म्हणायचा, मांडी धरलीय. मग खातून पुढेच आणखी तेल जिरवायची. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

एका थंडीच्या सकाळी साहेबांना मालगाडीच्या आधी चिंचपाडा गाठायचं होतं. दाऊद गारठलेल्या अंगानेच पळाला. आदल्या दिवशीच तालमीत चौघांचं भारी कौतुक झालं होतं. मी ठरवलं, आज यांना ढील द्यायचीच नाही. चौघांनी पाय पुढे फेकला, मी आखडून राहिलो, आणि फट्कन मधोमध फाटलो. दाऊद खडीत कोसळला. आमशाने ट्रॉली थांबवून त्याला रुळाबाहेर ओढलं.

"दाऊदभाई, काय व्हयनं?"

"कोनी तरी मांगेतीन दगड मारा."

दगड कोणी मारला म्हणून आमशाने मागे पाहिलं. रूळ मोकळे होते. दगड मारणारा मी होतो.

साहेबांनी महिन्याची मुदत दिली. महिन्याने एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत ट्रॉली ढकलत पळून दाखवायचं, नाहीतर त्या जागी दुसरा माणूस.

दाऊद पडून राहिला. पंधरा दिवसांत चौघे सुकून गेले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग दाऊद भिंत धरून उठायला गेला, पाय लटपटला आणि तो मटकन खाली बसला. खातून चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. तेव्हा मला माझी लाज वाटली.

तेलाची वाटी घेऊन ती जवळ आली. तिने मांडी नीट चाचपली.

"दुखस मांगे, नि मी तेल लाई ऱ्हायनी पुढे. जरा पालथा व्हा."

"अम्मानी ना म्हनेल शे."

खातूनने घराच्या खांबाकडे पाहिलं.

"मंग खांबाले धरीसन उभा ऱ्हावा. उभं ऱ्हावाले कोन ना म्हनेल शे?"

दाऊद खांब धरून उभा राहिला. ती त्याच्या मागे बसली. बारा वर्षांत पहिल्यांदा मला हात लागला. तिच्या अंगठ्याला माझी गाठ लागली आणि ती हळूच म्हणाली, "ढिलं सोडा." दाऊदला सोडता येईना, कारण मलाच येत नव्हतं. ओढणं मी जन्मतः जाणत होतो. सोडणं त्या खांबाशी रोज थोडं थोडं शिकलो.

मुदतीच्या दिवशी आमशा शेजारच्या रुळावर होता. चौघे अजून अशक्त होते. त्यांनी पाय फेकला की मी सैल पडायचो, आणि पाय टेकला की जीव लावून खेचायचो. मैलाचा दुसरा दगड आला. साहेब उतरले, दाऊदच्या मांडीवर पुढे थाप मारून म्हणाले, "वही बैल की जांघ." आमशा हसला. मी मात्र आतून जळलो.

आता दाऊदची दाढी पिकली आहे आणि धावणं सुटलं आहे. मित्रांनो, पळण्याआधी तुमच्या मांडीमागच्या मलाही थोडी ऊब द्या, रात्री तेल लावाल तेव्हा मागेही हात फिरवा. मी दिसत नाही म्हणून तुम्ही विसरता, आणि मी मत्सरी आहे, मी विसरत नाही.

खातून रोज संध्याकाळी वाटी घेऊन येते, दाऊद खांब धरतो. ती सुरुवात मागून करते. पुष्कळदा तेल माझ्यावरच संपतं. मग चौघे कोरडेच राहतात आणि माझ्यावर जळतात.