आकड्याखालची चकाकी

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, तुमच्या तळहातात मावेन एवढाच. डोक्यात दगड भरलेत का, असे तुम्ही एकमेकांना विचारता तेव्हा मला वाईट वाटते. माझ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे, फक्त ते वाचायला भिंग लागते.

हजारो वर्षांपूर्वी एका बाईने मला मोठ्या गारगोटीतून फोडून काढले. अंगठा नीट बसावा म्हणून तिने माझी एक बाजू बोथट केली आणि दुसरीला धार दिली. त्या धारेने ती कातडी खरवडायची, मऊ करायची आणि थंडीत मुलांच्या अंगावर पांघरायची. कातडे घासून घासून माझी धार गोलसर झाली आणि तिच्यावर तेलकट, मऊ चकाकी चढली. एके दिवशी मी तिच्या हातून निसटलो आणि मातीत गेलो. तिने मला खूप शोधले असेल, असे मी आजही स्वतःला सांगतो.

मला बाहेर काढले ते एका तरुण संशोधकाने. माणूस हुशार, पण भारी उतावळा. खोदकामाच्या तंबूतच त्याने माझ्या धारेच्या टोकावर बिनरंगी नेलपॉलिशचा जाड पट्टा ओढला आणि त्यावर शाईने आकडा घातला, एकशे सत्तेचाळीस. आकडा धारेवर कधी घालायचा नसतो. पुढे त्यावरून अनेकांनी नाक मुरडले. मग त्याने शंभरभर दगड एकाच पोत्यात कोंबले आणि खडबडीत रस्त्याने गाडीतून नेले. आम्ही वाटभर एकमेकांवर आपटत होतो. माझ्या धारेचे टवके उडाले. पोहोचल्यावर तारेच्या ब्रशने आमची आंघोळ झाली ती वेगळीच.

ते टवके पाहून त्याने लिहिले, हे हाडे फोडायचे हत्यार. लोकांनी त्याची पाठ थोपटली. मला काचेच्या कपाटात जागा मिळाली, खाली पाटी लागली. शाळेची मुले माझ्याकडे टकमक पाहायची आणि मला मात्र ती पाटी बोचायची. पुढे कपाट बदलले, मी खोक्यात गेलो आणि वीस-बावीस वर्षे कोणी झाकण उघडले नाही.

उघडले ते त्याच्याच मुलीने. तीही हेच काम शिकली होती. तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि दिवसच्या दिवस पाहत राहिली. टवके तिला फार ताजे वाटले. वडिलांच्या जुन्या वहीत त्या पोत्याची नोंद वाचून तिने गारगोटीचे नवे तुकडे फोडले, पोत्यात भरले आणि तशाच रस्त्याने फिरवून आणले. त्यांच्यावरही हुबेहूब माझ्यासारखे टवके पडले होते. तिचा चेहरा उतरला. ज्या शोधाने वडिलांचे नाव झाले, तो एका पोत्याचा प्रताप होता.

वडील आता थकले होते, खुर्चीतून क्वचितच उठत. तीन दिवस तिला बोलायचा धीर झाला नाही. चौथ्या दिवशी तिने मला कापसातून काढून त्यांच्या हातात दिले आणि सगळे सांगितले.

"बाबा, बाकीची धार गेली," ती म्हणाली. "तुमच्या आकड्याखालची तेवढी झाकलेली आहे. तिथे काही उरलं असेल तर असेल. पण आकडा पुसावा लागेल."

त्यांनी आपल्या तरुणपणीच्या ठसठशीत अक्षरावरून बोट फिरवले.

"पूस," ते म्हणाले. "माझं चुकलं ते चुकलं. ज्याने हे वापरलं त्याचं तरी खरं कळू दे."

तिने औषधात भिजवलेल्या बोळ्याने आकडा हळूहळू पुसला. खाली माझी धार होती, झिजून गोलसर झालेली, आणि तिच्यावर कातड्याची ती तेलकट, मऊ चकाकी. ज्या चुकीवरून लोकांनी नाक मुरडले, तिनेच मला वाचवले होते. दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात. त्या दिवशी मी कसाबसा सावरलो.

कातडी मऊ करायचे हत्यार, अशी नवी पाटी लिहून झाल्यावर मुलीने त्यांच्यापुढे लेखणी धरली आणि नवा आकडा त्यांनीच घालावा म्हणाली, या खेपेला धारेपासून दूर, माझ्या पाठीवर. एकशे सत्तेचाळीस वाकडेतिकडे उमटले. लिहिताना मला घट्ट धरायला त्यांनी अंगठा टेकला, तो नेमका त्या बाईने केलेल्या जागी बसला.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू हाती आली तर ती लगेच घासूनपुसून लख्ख करू नका, दुसऱ्या वस्तूंबरोबर कोंबू नका. वेगळी गुंडाळा आणि जाणत्या माणसाला दाखवा. तिच्यावर कोणाच्या तरी हाताचे काम अजून शिल्लक असेल.