दोरीचं जाकीट

सांगलीच्या मैदानावर मोटारसायकली रांगेत लागल्या, तेव्हा लालासाहेब खराड्यांनी नेहमीसारखं वाकून साक्षीच्या कमरेजवळ हात नेला. तिथं दोरी नव्हती.

"आबा, ह्याला हुक नसतो," साक्षी हेल्मेटच्या आतून म्हणाली. "नवं जाकीट हाय. त्याचं त्याला कळतं."

काय कळतं, हे विचारायला वेळ नव्हता. इंजिनं गुरगुरत होती, पायाखालची माती थरथरत होती, आणि गळ्यात पिवळा पास अडकवलेला कृष्णात मेकॅनिक "मामा, जरा सरा" म्हणत मध्ये शिरला. एका गाडीजवळ एकच माणूस, असा मैदानाचा नियम. इतकी वर्षं साक्षीच्या गाडीजवळचा तो एक माणूस म्हणजे तिचा बाप होता. आता बाप सरला. दोरखंडाच्या पलीकडं, शेंगा खात उभ्या असलेल्या लोकांत जाऊन थांबला. हात अजून तसाच अर्धवट पुढं राहिला होता, तो त्यानं खिशात घातला.

गावाकडं लालासाहेबांना सगळे मेजर म्हणतात. निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. पण औंधच्या आसपास फौजेतून परतलेला माणूस मेजरच असतो. खरा मेजर परतला तर त्याला काय म्हणायचं, हा पेच अजून कुणावर आलेला नाही. मेजर विमानातून उड्या मारणाऱ्या पलटणीत होते. तिथं प्रत्येकाच्या पॅराशूटची दोरी विमानातल्या तारेला हुकानं अडकवलेली असते. माणूस दारातून खाली पडला की दोरी ताणली जाते आणि छत्री उघडते. हुक ज्याचा त्यानं लावायचा, पण ओढून बघायचा तो मागच्यानं. बघितला की खांद्यावर थाप. आपल्या हुकाची खात्री आपल्याला नसते, मागच्या माणसाला असते, एवढ्या एका गोष्टीवर मेजरांनी सगळी नोकरी काढली होती.

त्यामुळं साक्षीनं पुण्यातल्या कुठल्याशा रेसरचं जुनं जाकीट घरी आणलं, तेव्हा मेजरांना ते समजावून सांगावं लागलं नाही. काळं, बिनबाह्यांचं, आत हवेच्या पिशव्या घडी घालून बसवलेल्या आणि छातीशी गॅसचं मुठीएवढं नळकांडं. दोरीचं एक टोक गाडीच्या सीटखाली बांधायचं, दुसरं हुकानं जाकिटाच्या कमरेला अडकवायचं. गाडीवरचा माणूस फेकला गेला की दोरीला हिसडा बसतो, नळकांडं सुटतं, आणि जमिनीवर आपटायच्या आत मान, पाठ, बरगड्या हवेच्या गादीत गुंडाळल्या जातात. मेजरांनी ते उलटंपालटं करून बघितलं.

"ही तर आमचीच दोरी," ते म्हणाले.

तोवर पोरीच्या रेसिंगचं नाव काढलं तरी ते उठून गोठ्यात जात. पोरगी डेअरीला दुधाच्या किटल्या घालायला त्यांचीच फटफटी नेत असे, आणि येताना रिकाम्या किटल्यांचा आवाज वेशीपासून ऐकू येई, त्यावरून ती केवढ्यानं पळवते ते सगळ्या गावाला कळे. मग एकदा म्हसवडला माणगंगेच्या कोरड्या पात्रात पोरांनी शर्यती लावल्या, त्यात ही न विचारता उतरली आणि दुसरी आली. बक्षिसाचा कुकर लपवायला घरात जागा नव्हती. बायको, चंद्राबाई, असती तर तिनं आधी कुकर चुलीवर चढवला असता आणि मग पोरीला झोडपलं असतं. पण ती जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरात दोनच माणसं, आणि दोघंही मुलखाची अबोल. जाकीट आलं, तेव्हा कुठं मेजर बोलले.

"पळीव. पण हुक मी लावणार."

तेव्हापासून तसंच चाललं होतं. गाडी रांगेत लागली की मेजर वाकायचे, हुक लावायचे, दोन झटके देऊन बघायचे, खांद्यावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "लागला." ती म्हणायची, "लागला." शर्यत संपली की ती गाडीवर बसून राहायची. मेजर जायचे, हुक काढायचे, म्हणायचे, "सुटला," आणि मगच ती पाय खाली टाकायची. हा दुसरा नियम उगाच नव्हता. पहिल्यांदा पहिला नंबर आला, तेव्हा ती आनंदाच्या भरात हुक न काढताच उडी मारून उतरली, जाकीट फाडकन फुगलं, आणि बक्षीस घ्यायला ती मान न वळवता, फुगलेल्या बेडकासारखी चालत गेली. घरात पॅराशूट उघडणारा जवान, असं मेजर तिला पुढं वर्षभर चिडवत होते.

शर्यतीपेक्षा मेजरांना रांगेतली ती दोन मिनिटं हवी असायची. पोरगी तेवढ्यात बोलायची. पोटात गोळा आलाय म्हणायची. येऊ दे, विमानात मलाबी यायचा, असं ते सांगायचे. एकदा तिनं विचारलं होतं, आई असती तर बघायला आली असती का. आली असती, पण डोळे झाकून उभी राहिली असती, असं ते म्हणाले होते. घरी जेवताना हे बोलणं कधी झालं नसतं. तिथं जेवण असायचं.

मग सांगलीच्या भरतेश मगदुमांनी तिला आपल्या संघात घेतलं. पाइपांचे व्यापारी, शौकीन माणूस, आणि मनानं चांगला. पोरीला राहायला त्यांच्याच घरात खोली, त्यांच्या आई चंपाबाईंची देखरेख, भारी गाडी. आणि हे नवं जाकीट. यात दोरी नाही. आत यंत्र आहे, ते माणूस कलंडतोय हे ओळखतं आणि स्वतःच फुगतं. फोनसारखं चार्ज केलं की झालं. नाही म्हणण्यासारखं यात काहीच नव्हतं, आणि मेजर सगळ्याला हो म्हणाले होते. फक्त दोरी नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी ती गोष्ट आहे, असं कुणाला वाटलंच नसणार.

रांगेपुढची आडवी फळी पडली. गाड्या सुटल्या. मेजरांच्या शेजारच्या माणसानं शेंगांचा पुडा पुढं करत विचारलं, "तुमचं कोण हाय ह्यात?"

"मुलगी. चौदा नंबर."

"आं? मग तुमी हिकडं कसं?"

"पास न्हाई," मेजर म्हणाले.

तिसऱ्या फेरीला, लांबच्या वळणावर, चौदा नंबरचं मागचं चाक घसरलं. धूळ उडाली. त्या धुळीतून एक काळा ठिपका गाडीपासून सुटून वर गेला, आणि खाली यायच्या आत फुगला होता. मेजरांच्या हाताची मूठ खिशातल्या खिशात वळली. दोरी नाही, हुक नाही, कुणी ओढून बघितलेलं नाही. तरी ते जाकीट वेळेवर उघडलं. चांगलं उघडलं. साक्षी दोनदा लोळली आणि उठून बसली.

मग उभी राहिली. गाडी समोर आडवी पडली होती, बाकीचे निघून चालले होते, आणि ती एक क्षण नुसतीच उभी. तिचा उजवा हात कमरेजवळ गेला, तिथं काही चाचपलं, आणि खाली आला. मग तिनं गाडी उचलली.

शेंगावाला म्हणाला, वाचली बघा, काय एकेक निघालंय आजकाल. मेजर व्हय म्हणाले.

मगदुमांच्या जैन घरी दिवस मावळायच्या आत जेवतात. साक्षीचा सहावा नंबर आला, त्याचं कुणाला दुःख नव्हतं. चंपाबाईंनी आग्रह करकरून वाढलं. भरतेशनं जाकिटाचं यंत्र मेजरांच्या हातात देऊन सगळं समजावलं, आणि तो खरंच मनापासून सांगत होता, म्हणून मेजरांनी मनापासून ऐकलं. साक्षी खांदा शेकत होती. निघताना तिनं जुनं जाकीट पिशवीत घालून त्यांच्या हातात दिलं.

"तुमीच घाला आबा, फटफटीवर. तुमाला आता नीट दिसत न्हाई."

मी काय शर्यत खेळतोय का, असं मेजर म्हणाले, पण पिशवी घेतली. एवढ्या लवकर जेवण झालं की पुढची संध्याकाळ लांबलचक उरते. ती त्यांनी एस्टीत काढली. पिशवी मांडीवर होती. दोरी बाहेर लोंबत होती, ती त्यांनी आत खोचली.

मंगळवारी मेजर औंधला यमाईला जातात. चंद्राबाईचा नेम होता, तिच्यामागं तो त्यांच्याकडं आला. देवीशी त्यांचं स्वतःचं असं काही बोलणं नाही. त्या मंगळवारी त्यांनी जाकीट घातलं. पारावरच्या मंडळींनी लढाई लागली का काय म्हणून विचारलं. मेजरांनी लक्ष दिलं नाही. दोरी सीटखाली बांधली, हुक लावला, दोन झटके देऊन बघितला. लागला होता. पण हे आपल्याच हुकाचं आपणच बघितल्यासारखं झालं. मागं कुणी नव्हतं. थाप राहून गेली.

डोंगराच्या पायथ्याशी धोंडुबाई नारळाचं दुकान मांडून बसते. तिच्यासमोर मेजरांनी गाडी थांबवली, बंद केली, आणि त्याच वेळी मागच्या पेटीत फोन वाजायला लागला. ते घाईनं खाली उतरले. कारण मंगळवारी, भर सकाळी, त्यांना फोन करणारं जगात एकच माणूस होतं आणि ते कधी करत नव्हतं.

फाडकन आवाज झाला. पायरीवरची दोन कुत्री पळाली, धोंडुबाईच्या हातातला नारळ घरंगळत रस्त्यावर गेला.

"आवं मेजर," ती म्हणाली, "टायर फुटलं का तुमी फुटला?"

मेजरांना मान वळवता येईना. गळ्याभोवती गादी, पाठीला गादी, बरगड्यांना दोन्हीकडून दाब. पेटीपर्यंत वाकणं शक्य नव्हतं. ते तसेच मागं सरकत पायरीवर टेकले. फोन वाजून वाजून बंद झाला.

पहिल्यांदा त्यांना राग आला. मग तो ओसरला, कारण त्या जाकिटात रागानं श्वास घ्यायलासुद्धा जागा नव्हती. त्यानं त्यांना सगळीकडून धरलं होतं. घट्ट, पण दुखेल असं नाही. चंद्राबाई गेल्यापासून त्यांना असं कुणी धरलं नव्हतं, आणि तीही, खरं सांगायचं तर, चारचौघांत कधीच नाही. मेजर हलले नाहीत. समोरून एक जोडपं ओटीचं ताट घेऊन गेलं, त्यांनी बघितलं, बघू दे. गॅस हळूहळू निघून जाणार हे मेजरांना माहीत होतं. तोवर बसायला हरकत नव्हती.

धोंडुबाईनं नारळ उचलून आणला, पदरानं पुसला आणि मग पेटीतला फोन काढून त्यांच्या हातात ठेवला. साक्षीच होती. त्यांनी लावला.

"आबा, आवाज असा का येतोय?"

"गळा धरलाय."

"कुणी?"

"तुझ्या जाकिटानं."

पलीकडं ती जी हसायला लागली, ती थांबेना. एवढं हसणं आपल्या घरात होतं, हे मेजर विसरूनच गेले होते.

"घरात पॅराशूट उघडणारा जवान," ती म्हणाली. "हुक काढायचा ऱ्हायला?"

"फोन वाजला."

"दुखलं का कुठं?"

"न्हाई." पुढं काही सांगावं असं त्यांच्या मनात आलं, पण समोर धोंडुबाई होती. "तू कशाला केलावतास?"

"काय न्हाई. असंच." फोनवर कुठंतरी पाना पडल्याचा आवाज झाला, कृष्णात कुणाला तरी ओरडला. ती बाजूला गेली असावी, कारण आवाज कमी झाला. "आबा, परवा पडले नव्हं का मी. तवा उठल्या उठल्या हात हुकाकडंच गेला. मग ध्यानात आलं, सुटला म्हणणारं कोण न्हाई हितं. म्हणून जराशी तशीच हुबी ऱ्हायले."

"बघितलं मी."

"तेवढ्या लांबनं? तुमाला दिसत न्हाई तर."

"तेवढं दिसतं."

मग ती म्हणाली, "नळकांडं बदलायला लागंल. सातारला न्हाई मिळायचं. मी घेऊन येते, दोन आणते."

"दोन कशाला?"

"तुमी परत इसरणार."

कवा येणार, ते ती बोलली नाही. तिची पुढची शर्यत कोइमतूरला होती, त्यानंतर आणखी कुठंतरी. भरतेशनं जेवताना सगळं सांगितलं होतं. मेजरांनी विचारलं नाही. बरं म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

जाकीट आता सैल पडत होतं. आधी बरगड्या मोकळ्या झाल्या, मग पाठ. मान शेवटी. धोंडुबाई गंमत बघत होती.

"सोडलं का त्यानं?" तिनं विचारलं.

"सुटला," मेजर म्हणाले, आणि मग पायरीवरून उठले.

देवीला नारळ दिला. खाली येऊन बघतात तर जाकिटातून निसटलेली दोरी गाडीच्या बाजूला लोंबत होती, वाऱ्यानं हलत. अशीच राहिली तर चाकात जायची. मेजरांनी ती गुंडाळली, सीटखाली नीट बसवली, आणि सवयीनं दोन झटके देऊन बघितली.

पक्की होती.