हिदेओचं पांढरं फूल

मातृदिनाच्या आदल्या दिवशी शाळेत मुलांच्या शर्टाला कागदी फुलं लावायचे. आई असेल त्याला लाल, नसेल त्याला पांढरं. तिसरीतला माझा हिदेओ पांढरं फूल लावून घरी आला.

त्याची आई सुमिए जिवंत होती. क्षय झाला म्हणून डोंगरावरच्या आरोग्यधामात होती, इतकंच.

हे कळताच मी कौलांच्या भट्टीवरून मातीच्या हातांनी तसाच शाळेत गेलो. ओगिनो बाई कमरेत वाकून माफी मागत राहिल्या. आई बरेच महिने दिसली नाही, मुलगा गप्प असतो, त्यावरून त्या समजल्या होत्या.

“मग विचारलं का नाही?”

“असलं दुःख कसं विचारणार, मुरासेसान? बरं दिसत नाही.”

विचारणं बरं दिसत नाही. भरल्या वर्गात जिवंत बाईला मेलेली ठरवणं मात्र चालतं. शेजारीही तसेच. माझ्या दारावरून जाताना आवाज खाली आणायचे, पण सुमिए कशी आहे म्हणून एकाने विचारलं नाही.

घरी हिदेओचा भाताचा वाडगा भरलेलाच होता.

“आई गेलीय ना, बाबा? बाईंना सांगितलंत, मला नाही.”

मी परत परत समजावलं. त्याला पटेना. रोग लागेल म्हणून आरोग्यधामात मुलांना घेत नसत, त्यामुळे त्याने तिला हिवाळ्यापासून पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला बसने वर नेलं. फाटकावरचा माणूस नियम सांगू लागला. मी म्हणालो, आत नेत नाही, पण बाहेरून आई दाखवल्याशिवाय हलणारही नाही. तो बाजूला झाला.

आम्ही खाली गवतात उभे राहिलो. सुमिए वरच्या सज्जात आली, कठडा धरून. फार वाळली होती. हिदेओ माझ्यामागे सरकला. त्याला ती ओळखू येईना.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “हिदेओ, नाक पूस. बाहीला नको.”

तसा तो रडायलाच लागला. “आई, बाईंनी मला पांढरं दिलं,” तो चुगली सांगावी तसा ओरडला.

सुमिए हसली, मग खोकली. “बाईंना म्हणावं, मला एवढी घाई नाही.”

परतताना बसमध्ये हिदेओने तिच्यासाठी आणलेले भाताचे गोळे एकट्याने संपवले.

सुमिए पुढच्या थंडीत गेली. तोवरही कुणी विचारलं नाही. ती गेल्यावर मात्र सगळी गल्ली हात जोडून दारात उभी होती. मी त्यांना आत या म्हटलं नाही.